व्यायाम आणि स्तनाचा कर्करोग : एका सर्वमान्य विधानाची चिकित्सा

'नियमित व्यायामाने स्तनाच्या कर्करोगाला आळा बसतो' हे विधान आज आरोग्यविषयक पुस्तिकांतून, व्याख्यानांतून आणि दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्त्यांतून इतक्या सहजपणे केले जाते की, त्याला पुरावा मागावा असे फारसे कोणाच्या मनातही येत नाही. व्यायाम हा सर्वांनाच मान्य असलेला सद्गुण आहे. आणि सद्गुणाच्या बाजूने कोणी बोलू लागला की ऐकणाऱ्याची चिकित्सक वृत्ती थोडी सैल पडते. प्रस्तुत लेखाचा हेतू व्यायामाचे महत्त्व कमी करण्याचा नाही. या विधानामागे उभा असलेला पुरावा कोणत्या जातीचा आहे, तो कोठे भक्कम आहे, कोठे विरळ आहे आणि त्यातून नेमके काय निष्पन्न होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न तर्कशास्त्राच्या अभ्यासकांच्या कुतूहलापुरता मर्यादित नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. रोगाचे निदान झालेल्या स्त्रीला घरचे आणि बाहेरचे अनेक जण सल्ला देत असतात. एक म्हणतो, 'आता स्वस्थ पडून राहा, त्या हाताने काही उचलू नकोस.' दुसरा म्हणतो, 'रोज चालली असतीस तर ही वेळ आली नसती.' पहिला सल्ला तिचे शरीर दुबळे करतो; दुसरा तिच्या मनावर नसलेल्या अपराधाचे ओझे ठेवतो. दोहोंच्याही मुळाशी पुराव्याचे सदोष वाचन आहे, आणि म्हणूनच ते वाचन तपासून घेणे अगत्याचे आहे.

१. विधान एक, अर्थ तीन

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. व्यायामाचा या रोगावर परिणाम होतो असे आपण म्हणतो, तेव्हा तीन अगदी निराळी विधाने त्यात मिसळलेली असतात. पहिले असे की, निरोगी स्त्रीने व्यायाम केल्यास तिला हा रोग होण्याचा संभव कमी होतो. दुसरे असे की, रोग झालेल्या स्त्रीने व्यायाम केल्यास तो उलटण्याचा अथवा त्याने मृत्यू येण्याचा संभव कमी होतो. तिसरे असे की, रोग आणि त्यावरील उपचार यांमुळे येणारा थकवा, अशक्तता, निराशा व हाताची सूज यांना तोंड देण्यास व्यायामाची मदत होते.

या तिन्ही विधानांचा पुरावा वेगवेगळ्या मार्गांनी गोळा झालेला आहे. पहिल्याचा आधार जवळजवळ सर्वस्वी निरीक्षण हा आहे. दुसऱ्याचाही प्रमुख आधार निरीक्षणच असून प्रयोगाची जोड त्याला थोडी मिळाली आहे. तिसऱ्याला मात्र नियंत्रित प्रयोगांचा आधार आहे. व्यवहारात असे घडते की, तिसऱ्याची विश्वसनीयता पहिल्या दोघांना उसनी दिली जाते आणि पहिल्याची आकर्षकता तिसऱ्याला. ही सरमिसळ हाच या विषयावरील लेखनाचा मुख्य दोष आहे असे आमचे मत आहे.

२. रोग टाळण्याचा प्रश्न

शारीरिक श्रम आणि कर्करोग यांचा संबंध जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९२२ साली सिव्हर्टसन आणि डालस्ट्रॉम यांनी वेगवेगळ्या व्यवसायांतील मृत्यूंची नोंद पाहून, ज्या व्यवसायांत स्नायूंना अधिक श्रम पडतात त्यांत कर्करोगाचे मृत्यू कमी आढळतात असे मांडले होते. परंतु स्तनाच्या कर्करोगापुरता हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो १९८५ साली, रोझ फ्रिश व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखाने. त्यांनी अमेरिकेतील दहा महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या ५,३९८ माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठविली होती असे नव्हे, तर इतक्या जणींची उत्तरे त्यांच्या हिशेबात होती. त्यांपैकी २,६२२ जणी विद्यार्थिदशेत खेळाडू होत्या आणि २,७७६ जणी नव्हत्या. खेळाडू नसलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खेळाडूंच्या १.८६ पट निघाले.

हा आकडा लक्ष वेधून घेणारा आहे, यात शंका नाही. पण प्रश्नावलीला उत्तर देणारी स्त्री ही त्या दिवशी हयात असलेली आणि उत्तर देण्यास उत्सुक असलेली स्त्री असते. या रोगाने आधीच मरण पावलेल्या स्त्रिया अशा पाहणीतून आपोआप वगळल्या जातात. शिवाय महाविद्यालयात खेळाडू होणारी मुलगी ही पुष्कळदा मुळातच सडपातळ असते आणि तिची मासिक पाळीही उशिरा सुरू झालेली असते. या दोन्ही गोष्टींचा या रोगाशी स्वतंत्र संबंध आहे. फ्रिश यांनी अशा घटकांचा गणिती हिशेब केला होता, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तथापि खेळामुळे शरीर घडले की शरीरामुळे खेळ जमला, हा प्रश्न गणिताने पुरता सुटत नाही.

पुढे १९९४ साली लेस्ली बर्नस्टीन यांनी लॉस एंजेलिस परिसरातील चाळीस वर्षांच्या आतील ५४५ रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्यास सरासरी ३.८ तास किंवा अधिक व्यायाम केलेल्यांमध्ये धोक्याचे गुणोत्तर ०.४२ निघाले, म्हणजे धोका निम्म्याहूनही कमी. १९९७ साली नॉर्वेतील इंगर थुने यांनी २५,६२४ स्त्रियांचा पाठपुरावा करून नियमित व्यायाम करणाऱ्यांचे गुणोत्तर ०.६३ असे दिले. या दोन लेखांनंतर प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले.

तो मिटलेला नव्हता. १९९८ सालीच बेव्हरली रॉकहिल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १,१६,६७१ तरुण परिचारिकांच्या पाठपुराव्यातून असे दाखविले की, किशोरवयातील उत्तरकाळचा अथवा अलीकडचा व्यायाम आणि हा रोग यांत काहीच संबंध आढळत नाही. गंमत अशी की, याच परिचारिकांच्या समूहावर आधारलेला दुसरा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६४,७७७ जणींच्या बाराव्या वर्षापासूनच्या हालचालींचा हिशेब घेतला होता, आणि सर्वांत अधिक हालचाल करणाऱ्यांमध्ये रजोनिवृत्तीपूर्वीच्या रोगाचा धोका २३ टक्क्यांनी कमी दिसला. समूह एकच, रोग एकच; बदलला तो प्रश्न. पहिल्या वेळी आयुष्याचे एक-दोन तुकडे विचारले होते, दुसऱ्या वेळी बालपणापासूनचा सलग आलेख. उत्तर प्रश्नाच्या घडणीवर इतके अवलंबून असेल, तर एकाच लेखाचा आकडा घेऊन नाचणाऱ्याने जरा थांबावयास हवे.

आता या आकड्यांकडे एकत्रित दृष्टीने पाहू. १९९४ च्या लहान पाहणीत बर्नस्टीन यांना ०.४२ हे गुणोत्तर मिळाले. त्यांनीच २००५ साली ४,५३८ रुग्ण आणि ४,६४९ निरोगी स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा धोक्यातील घट सुमारे एक पंचमांशावर आली. २०१६ साली बारा पाठपुराव्यांची मिळून १४ लाख ४० हजार माणसांची माहिती स्टीव्हन मूर व सहकाऱ्यांनी एकत्र केली. तीत फुरसतीच्या वेळी सर्वाधिक आणि सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांची तुलना करता स्तनाच्या कर्करोगाचे गुणोत्तर ०.९० निघाले. या पाहण्यांत तुलनेचे गट एकसारखे नाहीत, म्हणून हे आकडे एकाच सरळ रेषेत ठेवणे पूर्णपणे न्याय्य होणार नाही. तरीही पाहणी जसजशी मोठी व काटेकोर होत गेली तसतसा परिणाम आक्रसत गेला, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

यामागील एक कारण उघड आहे. रुग्ण व निरोगी यांच्या तुलनेत दोघींनाही भूतकाळ आठवून सांगावयाचा असतो. रोगाने ग्रासलेली स्त्री 'माझे काय चुकले?' या भावनेने आपला भूतकाळ चाळते आणि न केलेला व्यायाम तिला अधिक ठळकपणे आठवतो. निरोगी स्त्री मात्र केलेला व्यायाम थोडा वाढवूनच सांगते. उलट दिशेचाही एक दोष संभवतो. व्यायाम करणारी स्त्री आरोग्याविषयी जागरूक असल्यामुळे तपासणीस वारंवार जाते, तिचा रोग लवकर सापडतो, आणि कागदावर तिच्या गटातील रोगाची संख्या फुगते. हा दोष व्यायामाच्या विरुद्ध जाणारा आहे. तात्पर्य, दिसणारी घट ही खऱ्या परिणामापेक्षा जास्तही असू शकेल किंवा कमीही.

असे असूनही या सर्व पुराव्याला 'काकतालीय' ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे एकदा म्हणता येते. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या पद्धतींनी, वर्षानुवर्षे तीच गाठ पडू लागली तर फांदीचा आणि कावळ्याचा काही संबंध असावा असे मानणेच सयुक्तिक. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१७ सालच्या आपल्या अहवालात रजोनिवृत्तीपूर्व रोगाबाबत जोमदार व्यायामाचा, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या रोगाबाबत एकूण शारीरिक हालचालीचा संरक्षक परिणाम 'संभाव्य' या वर्गात घातला. 'निश्चित' असा शब्द त्यांनी वापरला नाही. हा शब्दविवेक आमच्या मते अगदी योग्य आहे.

३. कार्यकारणभावाचा दुवा

सहसंबंधाला कार्यकारणाचे रूप येण्यासाठी मधला दुवा दाखवावा लागतो. येथे तो बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांचे कार्य थांबते आणि शरीरातील इस्ट्रोजेन हे मुख्यत्वे चरबीच्या पेशींत तयार होऊ लागते. रक्तातील इस्ट्रोजेनचे प्रमाण जास्त असलेल्या वयस्क स्त्रियांना हा रोग अधिक होतो. तेव्हा व्यायामाने चरबी कमी होत असेल, तर इस्ट्रोजेनही कमी व्हावे असा तर्क करता येतो.

हा तर्क प्रयोगाने तपासला गेला आहे. अ‍ॅन मॅक्टिअर्नन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बैठे जीवन जगणाऱ्या, वजन जास्त असलेल्या १७३ वयस्क स्त्रिया होत्या. तीन महिन्यांनी व्यायामाच्या गटात इस्ट्रोजेन घटलेले दिसले. परंतु वर्षाअखेर ही घट ज्यांची चरबी प्रत्यक्ष कमी झाली त्यांच्यातच स्पष्टपणे टिकलेली आढळली. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ख्रिस्टीन फ्रीडनराइक यांनी ३२० वयस्क स्त्रियांवर केलेल्या वर्षभराच्या प्रयोगातही, २०१० सालच्या त्यांच्या वृत्तान्ताप्रमाणे, एस्ट्राडायॉलचे प्रमाण घटले आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढले.

या प्रयोगांचे मोल मोठे आहे. पण त्यांची मर्यादाही तितकीच ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांनी रक्तातील द्रव्ये मोजली, रोग मोजला नाही. शिवाय मॅक्टिअर्नन यांच्या निष्कर्षातून एक अडचणीचा प्रश्न उद्भवतो : संरक्षण कोणी दिले, व्यायामाने की वजन घटण्याने? चरबी हाच मधला दुवा असेल, तर ज्या पाहण्यांत गणिताने वजनाचा परिणाम वजा केला जातो त्या पाहण्या व्यायामाच्या परिणामाचा एक भागच वजा करून टाकतात. आणि वजा केला नाही, तर सडपातळपणाचे श्रेय व्यायामाला मिळते. या पेचातून सुटण्यास सोपा मार्ग नाही.

४. 'व्यायाम' या शब्दाची व्याप्ती

आपल्याकडील वाचकाच्या दृष्टीने यापेक्षाही मूलभूत असा एक आक्षेप आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक पाहण्यांत मोजला गेला तो 'फुरसतीच्या वेळचा' व्यायाम : पोहणे, धावणे, टेनिस, सायकल, फिरावयास जाणे. ज्या समाजात स्त्रीला फुरसत असते आणि ती फुरसत ती आपल्या शरीरासाठी खर्च करू शकते, त्या समाजात ही व्याख्या निभावून जाते. पण विहिरीवरून पाणी आणणारी, निंदणी-खुरपणी करणारी, डोक्यावर सरपणाची मोळी वाहणारी स्त्री या व्याख्येप्रमाणे 'व्यायाम न करणारी' ठरते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही लक्षणातील अव्याप्ती आहे.

उलट अतिव्याप्तीचा मोहही येथे जवळच उभा असतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. मुंबईची नोंदणी त्यापूर्वी, १९६३ पासूनची. बार्शी परिसरात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने पुष्कळ कमी आढळते. 'पाहा, कष्टाचे फळ!' असे उद्गार काढण्यास यापेक्षा चांगला पुरावा कोणता, असे एखाद्याला वाटेल. परंतु ग्रामीण स्त्री आणि शहरी स्त्री यांच्यात श्रमाइतकेच इतरही भेद आहेत. पहिले मूल कोणत्या वयात झाले, मुले किती, ती अंगावर किती काळ प्याली, पाळी केव्हा सुरू झाली, आहार व वजन काय, या सर्वांचा या रोगाशी संबंध आहे. बाळंतपणाचा आणि या रोगाचा संबंध तर जॅनेट लेन-क्लेपन यांनी ५०० रुग्ण आणि ५०० इतर स्त्रियांच्या तुलनेतून १९२६ सालीच ब्रिटनमध्ये दाखवून दिला होता. या सर्व घटकांना बाजूला सारून कमी प्रमाणाचे श्रेय श्रमाला देणे हा हेत्वाभास होय. त्यातून कष्टकरी स्त्रीला 'तुला हा रोग व्हायचा नाही' असे खोटे आश्वासन मिळते, आणि तिचे निदान लांबणीवर पडते. बैठकीतील चूक अशा रीतीने प्रत्यक्ष जीवितावर बेतू शकते.

५. रोग झाल्यानंतरचे आयुष्य

दुसऱ्या विधानाकडे वळू. त्याचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे मिशेल होम्स व सहकाऱ्यांचा २००५ सालचा लेख. १९८४ ते १९९८ या काळात रोगाचे निदान झालेल्या २,९८७ अमेरिकन परिचारिकांचा त्यांनी २००४ पर्यंत पाठपुरावा केला. हालचाल मोजण्यासाठी त्यांनी 'मेट-तास' हे परिमाण वापरले. सर्वसाधारण गतीने एक तास चालणे म्हणजे सुमारे ३ मेट-तास. आठवड्यास ३ मेट-तासांहून कमी हालचाल करणाऱ्यांशी तुलना करता, ३ ते ९ मेट-तासांच्या गटात या रोगाने मृत्यू येण्याचे गुणोत्तर ०.८०, ९ ते १५ च्या गटात ०.५०, १५ ते २४ च्या गटात ०.५६ आणि त्यापुढच्या गटात ०.६० असे निघाले.

या आकड्यांचा 'आठवड्यातून तीन ते पाच तास चाला आणि मृत्यूचा धोका निम्मा करा' असा अनुवाद सर्वत्र झाला. पण मूळ आकडे बारकाईने पाहणाऱ्याच्या दोन गोष्टी लक्षात येतील. व्यायाम वाढत गेला म्हणून लाभ वाढत गेला नाही. एका मर्यादेनंतर तो जागच्या जागी राहिला. याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, येथे अन्योन्याश्रयाचा दोष संभवतो. जी स्त्री चालते ती जगते, की जी जगण्याइतकी बरी आहे तीच चालू शकते? रोग शरीरात गुप्तपणे पसरू लागला असेल, तर निदान होण्यापूर्वीच थकवा येतो आणि पावले मंदावतात. होम्स यांना या आक्षेपाची पूर्ण जाणीव होती. म्हणून त्यांनी निदानानंतर किमान दोन वर्षांनी नोंदलेली हालचालच हिशेबात घेतली. ही दक्षता प्रशंसनीय आहे. तथापि स्तनाचा कर्करोग पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनीही उलटतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना दोन वर्षांची ही भिंत पुरेशी उंच वाटणार नाही.

हा संशय प्रयोगाखेरीज फिटणार नाही. कॅनडातील केरी कूर्निया यांनी केमोथेरपी घेणाऱ्या २४२ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली : एक वजनाच्या व्यायामाचा, एक दमसासाच्या व्यायामाचा आणि एक नेहमीच्या उपचारांचा. आठ वर्षांनंतरचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात व्यायाम करणाऱ्यांपैकी ८२.७ टक्के आणि न करणाऱ्यांपैकी ७५.६ टक्के स्त्रिया रोगमुक्त राहिल्या होत्या. फरक आशादायक आहे. परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो निश्चित ठरला नाही. गुणोत्तर ०.६८ असले, तरी त्याची विश्वसनीयतेची मर्यादा ०.३७ पासून १.२४ पर्यंत पसरलेली होती. म्हणजे मोठा लाभ, लाभ नाही आणि थोडी हानी, हे तिन्ही पर्याय तिच्यात सामावलेले होते. मुळात तो प्रयोग आयुर्मान मोजण्यासाठी आखलेलाच नव्हता.

२०२५ साली मात्र या क्षेत्रात एक महत्त्वाची घटना घडली. कूर्निया व त्यांचे सहकारी यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८०.३ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक पुस्तिका मिळालेल्यांपैकी ७३.९ टक्के रुग्ण रोगमुक्त होते. कर्करोगानंतरचा व्यायाम आयुष्य वाढवू शकतो, हे येथे प्रथमच मोठ्या प्रयोगाने दिसले. पण तो आतड्याचा कर्करोग होता. एका अवयवाच्या रोगातील निष्कर्ष दुसऱ्या अवयवाच्या रोगाला लावणे हे अनुमान नव्हे, उपमान होय; आणि उपमानाने शोधाची दिशा मिळते, सिद्धी मिळत नाही. या प्रयोगाने स्तनाच्या कर्करोगाबाबत तसाच प्रयोग करण्याची निकड वाढविली, एवढेच आज प्रामाणिकपणे म्हणता येईल.

६. रोगाशी झुंजताना

तिसऱ्या विधानाची स्थिती वेगळी आहे, आणि दुर्दैवाने त्याचीच सर्वांत कमी वाच्यता होते. काखेतील लसिका ग्रंथी काढल्यानंतर अनेक स्त्रियांच्या त्या बाजूच्या हाताला कायमची सूज येते. म्हणून 'त्या हाताने जड काही उचलू नये' असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. घागर, पोते, लहान मूल, सगळेच निषिद्ध ठरले. हा दंडक सद्‌हेतूने सांगितला गेला, पण त्यामागे प्रयोग नव्हता.

तो प्रयोग कॅथरिन श्मिट्झ यांनी केला. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हळूहळू वाढत जाणारी वजने उचलावयास दिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेर सूज लक्षणीय रीतीने वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाण वजने उचलणाऱ्यांत ११ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग तर वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के आणि दुसऱ्या गटात २९ टक्के स्त्रियांच्या वाट्याला आले. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक दंडक एका सुविहित प्रयोगाने डळमळीत झाला. अर्थात् यातून 'वजने उचलल्याने सूज बरी होते' असा अर्थ काढणे चूक ठरेल. २०२० साली याच संशोधिकेच्या, ३५१ स्त्रियांवरील दुसऱ्या प्रयोगात घरच्या घरी केलेल्या व्यायामाने किंवा वजन घटविल्याने सूज कमी झाल्याचे दिसले नाही. अपाय होत नाही हे एक विधान, उपाय होतो हे दुसरे. पहिले सिद्ध आहे, दुसरे नाही. आणि पहिलेही देखरेखीखाली, बेताबेताने वाढविलेल्या वजनांपुरतेच सिद्ध आहे.

थकवा, चिंता, निराशा आणि कामाची क्षमता यांविषयीचे प्रयोग संख्येने पुष्कळ आहेत, आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात यांबाबतचा पुरावा भक्कम मानला आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास बेताचा व्यायाम, तोही बारा आठवडे, एवढ्याने हा लाभ दिसू लागतो. रोग शरीरभर पसरलेल्या ३५७ रुग्णांवर युरोपातील काही देशांत व ऑस्ट्रेलियात झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही नऊ महिन्यांच्या व्यायामाने थकवा कमी होऊन जीवनमान सुधारल्याचे आढळले. ज्या अवस्थेत अंथरूण हाच एकमेव सल्ला असे, त्या अवस्थेतही शरीर हालचालीला प्रतिसाद देते, ही गोष्ट लहान नाही.

येथेही चिकित्सकाने जागरूक राहिले पाहिजे. कूर्निया यांच्या वर उल्लेखिलेल्या प्रयोगाचे २००७ साली प्रसिद्ध झालेले पहिले निष्कर्ष पाहा. रुग्णांचे जीवनमान सुधारते काय, हा त्या प्रयोगाचा मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर निश्चित होकारार्थी आले नाही. उलट एका दुय्यम प्रश्नाचे उत्तर उत्साहवर्धक निघाले : वजनाचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना केमोथेरपीच्या नियोजित मात्रेपैकी सरासरी ८९.८ टक्के मात्रा घेता आली, नेहमीच्या उपचारांच्या गटातील स्त्रियांना ८४.१ टक्के. पुढील लेखनात हा दुय्यम निष्कर्षच वारंवार उद्‌धृत होतो आणि मुख्य प्रश्नाचे उत्तर मागे पडते. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढण्यासारखे हे आहे. दुय्यम निष्कर्ष खोटा असतो असे नव्हे. तो नव्या प्रयोगाचे गृहीतक असतो, जुन्या प्रयोगाची सिद्धी नव्हे.

७. उपसंहार

आता या विवेचनाचे सार सांगता येईल. व्यायामाने हा रोग टळण्यास काही मदत होते हे संभाव्य आहे. पण ही मदत बेताची आहे. समजा, एक हजार स्त्रियांपैकी पन्नास जणींना आयुष्यात हा रोग होणार आहे. २०१६ च्या मोठ्या संकलनातील गुणोत्तर जसेच्या तसे खरे मानले आणि सर्वच जणी कमीत कमी हालचालीकडून जास्तीत जास्त हालचालीकडे वळल्या, तरी पंचेचाळीस जणींना तो होईलच. त्या पंचेचाळीस जणींनी काही पाप केलेले नसेल. समूहासाठी पाच हा आकडा मोठा आहे, आणि आरोग्यखात्याने त्यासाठी झटले पाहिजे. परंतु समोर बसलेल्या एका स्त्रीच्या रोगाचे कारण म्हणून 'तू व्यायाम केला नाहीस' असे सांगण्याचा अधिकार या आकड्याने कोणालाही मिळत नाही. समूहाविषयीचे सत्य व्यक्तीवर आरोप म्हणून ठेवणे हा तर्काचा अपराध आहेच; तो माणुसकीचाही आहे.

व्यायामाने या रोगानंतरचे आयुष्य वाढते हे शक्य आहे, परंतु अद्याप सिद्ध नाही. व्यायामाने या रोगाचा व त्यावरील उपचारांचा भार हलका होतो, आणि योग्य देखरेखीखाली केलेला व्यायाम शस्त्रक्रिया झालेल्या हातालाही अपाय करीत नाही, हे मात्र बऱ्याच अंशी सिद्ध आहे. रुग्णाला सल्ला देणाऱ्याने याच क्रमाने बोलावे, म्हणजे जे निश्चित आहे ते प्रथम आणि जे संभाव्य आहे ते नंतर. आज नेमके उलट घडते.

आपल्या विद्यापीठांतील संशोधकांसाठी यात एक काम वाट पाहत आहे. परदेशी प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर करून 'आपण आठवड्यातून किती तास टेनिस खेळता?' असे विचारण्यात अर्थ नाही. शेतातील, घरातील आणि कारखान्यातील स्त्रीचे श्रम मोजण्याची स्वतंत्र पद्धत प्रथम घडविली पाहिजे. त्या श्रमांत स्वेच्छा किती, सक्ती किती, विश्रांती किती आणि पोषण किती, हेही तीत आले पाहिजे. बार्शी आणि मुंबई या दोन ठिकाणच्या नोंदी अनेक दशकांच्या आहेत. त्यांना योग्य प्रश्न विचारणारा अभ्यासक मिळाला, तर फुरसतीच्या व्यायामाविषयीचे पाश्चात्त्य ज्ञान कष्टाच्या श्रमाला कितपत लागू पडते, या आजवर बाजूला राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा मार्ग खुला होईल. तोपर्यंत व्यायामाची शिफारस करावी, ती मनापासून करावी; पण तिला जेवढा पुरावा आहे तेवढ्याच आवाजात करावी.